गार खोलीतला धूप

आमच्या मागच्या खोलीतले वातानुकूलन यंत्र बिघडत चालले आहे, हे मला प्रथम निरांजनातल्या तुपावरून कळले. यंत्रावरचे हिरवे आकडे मी सहसा पाहत नसे. चष्मा लावूनही ते मला नीट दिसत नाहीत आणि दिसले तरी त्यांच्यावर माझा फारसा विश्वास बसत नाही. परंतु देवांपुढच्या निरांजनातले गाईचे तूप गेली दोन वर्षे त्या खोलीत ऐन वैशाखातही थिजलेले असे, आणि फुलवात बसवण्यापूर्वी मला ते बोटाने थोडे चेपावे लागे. त्या दिवशी सकाळी पूजेला बसलो तो तूप पाण्यासारखे पातळ झालेले. मी मान वर करून यंत्राकडे पाहिले. आवाज नेहमीचाच होता, समोरची पट्टी खालीवर होत होती, आकडाही उजळ होता. गारवा तेवढा नव्हता.

चंद्रपूरच्या उन्हाळ्याचे भय मला स्वतःसाठी कधी वाटले नाही. जन्म इथला, शिक्षकाची नोकरी इथली. ओला पंचा अंगावर घेऊन दुपार काढायची, खिडकीला कूलर लावायचा आणि मृगाची वाट पाहायची, एवढेच आम्ही जाणत होतो. मुलाने अनेकदा आग्रह करूनही मी असले यंत्र घरात येऊ दिले नाही. देहाला सोसण्याची सवय असावी, असे मी म्हणत असे, आणि ते मला मनापासून पटलेले होते. पुढे दोन वर्षांपूर्वी माझ्या पत्नीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग गेले, वाचा राहिली. त्याच वर्षी पावसाळ्यात तिच्या छातीत कफ साचून न्यूमोनिया झाला, आणि घरी पाठवताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले, की यांना ऊन लागता कामा नये आणि ओलही लागता कामा नये. कूलरची दमट हवा यांच्या छातीला पेलणार नाही, खोली थंड आणि कोरडी ठेवा, आणखी एक न्यूमोनिया त्या सोसतील असे मला वाटत नाही. ते वाक्य ऐकल्यावर माझ्या देह सोसण्याच्या गोष्टी संपल्या. मुलाची हैदराबादला बदली झाली तेव्हा तो गावातल्या आपल्या वेगळ्या बिऱ्हाडातले सहा-सात वर्षांचे जुने यंत्र मागे ठेवून गेला होता. ते मी तिच्या खोलीत बसवून घेतले.

त्याच सुमारास मी आणखी एक गोष्ट केली. आमचे देवघर घराच्या पुढच्या भागात होते आणि खाटेवरून तिला ते दिसत नसे. चाळीस वर्षे जिने देवांची फुले वेचली, गंध उगाळले, तिला आता भिंतीकडे तोंड करून पडून राहावे लागते, हे मला पाहवेना. म्हणून मी देव तिच्या खोलीत आणले आणि खाटेसमोर चौरंगावर मांडले. मी तिला विचारले नव्हते. विचारण्याजोगे त्यात काही आहे, असे मला वाटले नाही.

सायंकाळी धूप घालायचा तो सालईच्या डिंकाचा. ही तिच्या माहेरची रीत. तिचे माहेर आरमोरीकडचे, धानाच्या शेतीचे. तिचा भाऊ दर वर्षी धानोऱ्याच्या बाजारातून जंगलातल्या सालईचा डिंक घेऊन आमच्याकडे पाठवतो. गोवरीच्या निखाऱ्यावर त्याचे दोन खडे टाकले, की दाट, पांढरा, किंचित लिंबासारख्या वासाचा धूर निघतो. पूर्वी तो अंगणातून निघून जाई. आता खोली बंद ठेवावी लागे, कारण दार उघडले तर गारवा जातो. यावर मी बराच विचार करून उपाय काढला होता. भिंतीपलीकडे यंत्राचा जो मोठा पंखा असतो तो सतत गरम हवा बाहेर टाकतो. ती हवा आतलीच असली पाहिजे, अशी माझी समजूत होती. यंत्र खोलीतली हवा ओढते, बाहेर टाकते आणि बाहेरची ताजी हवा गार करून आत सोडते. तेव्हा धूपपात्र यंत्राच्या बरोबर खाली ठेवले, तर धूर तिच्यापर्यंत न पोहोचता परभारे बाहेर जाईल. मी एका उंच स्टुलावर धूपपात्र ठेवू लागलो. धूर सरळ वर जाई, यंत्राच्या तोंडाशी वळे आणि दिसेनासा होई. तिच्या छातीला त्रास नाही आणि देवांचा एकही उपचार चुकत नाही, याचे मला रोज नव्याने समाधान वाटे.

तूप वितळले त्याच्या दुसऱ्या दिवशी यंत्रातून पाणी गळू लागले. मी स्टुलावर ताम्हण ठेवले. थेंब पडू लागले, तशी खाटेवरून पृच्छा आली.

"अजी, अभिषेक कोणावर चालू हाये?"

"मिस्त्रींना निरोप दिला आहे," मी म्हणालो.

"मंग तोवर रुद्राची एकादष्णी तरी म्हणा. पाणी वाया काऊन घालवता?"

तिची जीभ आजाराने जड झाली आहे, तरी तिची धार गेलेली नाही. हसू आले की मात्र तिला खोकला येई. खोकला तिला वर्षभर होताच. डॉक्टर औषधे बदलत आणि मी तिची खिडकी अधिक घट्ट लावीत असे.

मिस्त्री दोन दिवसांनी आले. शहरातल्या जुन्या मुसलमान कारागीर घरातले, पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ; त्यांचे वडील आमच्या पितळी भांड्यांना कल्हई लावून देत. उर्दू शाळेत शिकले, माझ्या वर्गात कधी बसले नाहीत, तरी मला गुरुजीच म्हणतात. त्यांनी चपला बाहेर काढल्या, पत्नीला "कशा हायेत, बाई?" म्हणून विचारले, देवांच्या चौरंगाला धक्का लागू नये म्हणून आपली शिडी तिरपी लावली, आणि यंत्राचे झाकण काढले.

"जाळी तर साफ हाये, गुरुजी. कोन धुते?"

"मी. दर चतुर्थीला."

"लय बारीक धुतली. पन या जाळीच्या मागं पाह्यलं का कधी?"

त्यांनी मला स्टुलावर चढायला लावले आणि बॅटरीचा उजेड आत टाकला. जाळीच्या मागे पातळ पत्र्यांची दाट रांग होती आणि ती काळी कुळकुळीत होती. स्वयंपाकघरातल्या जुन्या धुराड्याला जसा लेप बसतो तसा लेप.

"वीजकेंद्राची राख असेल," मी म्हणालो. आमच्या गावात कुठेही काळे दिसले की पहिले बोट तिकडेच जाते.

त्यांनी बोटाने लेप घासला, अंगठ्यावर चोळला आणि हात माझ्या नाकाजवळ आणला. "राख कोरडी असते. हे चिकट हाये. सुंगा."

मी वास घेतला आणि स्टुलावरून खाली उतरलो. तो वास माझ्या सायंपूजेचा होता.

"लोबान जाळता का जी इथी?"

"लोबान नाही. सालईचा डिंक."

"दोघंबी एकाच घरचे. आमच्यात गुरुवारी लोबान जाळतेत. एका दर्ग्याच्या हापिसातली मशीन मी अशीच काळी पाह्यली. त्याहीलेबी वाटे, धूर मशीनीतून भायेर जाते म्हणून."

"जात नाही का?" मी विचारले. माझा स्वर मलाच वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या मुलासारखा वाटला.

"नाई ना, गुरुजी. ही भायेरची हवा घेतच नाई. इथलीच हवा घेते, थंडी करते, इथीच सोडते. तो भायेरचा पंखा भायेरचीच हवा फेकून राह्यला. मधात फक्त दोन नळ्या हायेत, त्याच्यातून गॅस जाते. हवा नाई जात."

"म्हणजे रोजचा धूर..."

"इथीच. मशीन खाते, ओकते, परत खाते. पोटात राह्यला तो हा," त्यांनी काळे बोट दाखवले, "अन् राह्यला नाई तो..."

ते तिथेच थांबले, कारण खाटेवर खोकल्याची उबळ आली होती. आम्ही दोघेही ती संपेपर्यंत उभे राहिलो.

मी खाटेजवळ गेलो. "तुला धुराचा त्रास होत होता?"

"होत होता."

"मग सांगायचे होते."

"सांगतलं होतं एक डाव. तुम्ही स्तोत्र म्हणून राह्यले होते. हातानं थांब म्हटलं. मंग मी थांबली."

मिस्त्रींनी पिशवीत डोके घालून बराच वेळ पाना शोधला. पाना त्यांच्या पायाशीच पडलेला होता.

त्या दुपारी त्यांनी यंत्राखाली प्लास्टिकची झोळी बांधली आणि छोट्या पंपाने पाण्याचा फवारा आत मारला. झोळीतून बादलीत काळे, घट्ट पाणी उतरले. एक बादली, दुसरी, तिसरी. प्रत्येक बादलीबरोबर खोलीत सालईचा वास उठत होता आणि मी त्या बादल्या न्हाणीत नेऊन ओतत होतो. दोन वर्षांत देवांना अर्पण केलेला धूप मी अशा रीतीने मोरीत सोडला. आतले पत्रे धुऊन निघाल्यावर खरी दुखापत दिसली. त्या चिकट लेपाखाली ओल धरून नळ्या सडल्या होत्या, आणि दोन ठिकाणांहून गॅस निघून जात होता. त्यांनी टाके मारले, गॅस भरला. सायंकाळपर्यंत खोली गार झाली.

"किती दिवस चालेल?" मी विचारले.

"पंधरा दिवस म्हटलं तर तुमाले बरं वाटन, पन ते खोटं होईन. नवीन पाहून ठेवा, गुरुजी."

ते यंत्र सहा दिवस चालले. त्या सहा दिवसांत मी धूप ओसरीवर घालीत होतो आणि ती खोकल्यावाचून पडून राहत होती. खोकला नाही हे माझ्या चौथ्या दिवशी लक्षात आले. एखादा आवाज थांबल्यावर तो इतके दिवस चालू होता हे कळावे, तसे. मला आनंद व्हायला हवा होता. प्रत्यक्षात मी ओसरीच्या पायरीवर बसून राहिलो.

सातव्या दिवशी दुपारी यंत्राने एक घरघर केली आणि ते थांबले. मिस्त्रींनी पाहून मान हलवली. नवे यंत्र त्यांच्या ओळखीच्या दुकानात सांगितले. परंतु त्या उन्हात दुकानांतली सगळी यंत्रे संपलेली होती आणि आमचे नागपूरहून चार दिवसांनी यायचे होते. मुलाने फोनवर हैदराबादहून दुसरे मागवून पाहिले. तेही आठवड्याआधी येणार नव्हते. डॉक्टरांना विचारले तेव्हा ते म्हणाले, पाणी पाजत राहा, अंग तापू लागले किंवा बोलताना जीभ अडखळू लागली तर वाट न पाहता घेऊन या. हे तिने ऐकले होते. फोन ठेवताच म्हणाली, "दवाखान्यात मले नेऊ नका. मागच्या डावी तिथूनच छाती भरून आली होती."

ते चार दिवस मी कसे काढले, हे सांगताना आजही माझे खांदे दुखतात. तिची खाट ओढून मधल्या खोलीत आणली, कारण तिथे उन्हाची भिंत नाही. पुढच्या खोलीतल्या खिडकीला कूलर होता. तो चालवला की दारातून तिच्यापर्यंत हवा येई आणि अर्ध्या तासात तिचा घसा वाजू लागे. बंद केला की तिचा चेहरा लाल होई. तेव्हा मी घड्याळ समोर ठेवून बसलो. पाव तास चालू, अर्धा तास बंद. बंद असताना बांबूच्या पंख्याने वारा घालायचा. वारा घालताना नामजप करावा असे मनात येई, पण माळ डाव्या हातात धरून पंखा उजव्या हाताने हलवू लागलो, की दोहोंचे ताल जुळत नसत, आणि थोड्या वेळाने माळ मांडीवर पडलेली असे. वीज गेली की सगळे एकदमच थांबे. बाहेर रस्त्यावरून सूरजागडच्या खाणीतल्या लोहखनिजाचे ट्रक जात, त्यांची तांबडी धूळ आणि आमच्या गावची कोळशाची काळी धूळ एकत्र होऊन दाराच्या फटीतून आत येई. मी फटीत जुने धोतर कोंबले.

वारा घालता घालता माझ्या मनात एकच विचार फिरून फिरून येत होता. पूजेत आपण देवाला घरी आलेल्या पाहुण्यासारखे वागवतो. आसन देतो, पाय धुतो, स्नान घालतो, वस्त्र देतो, गंध लावतो, धूप दाखवतो. या सगळ्यात पाहुण्याला एकदाही विचारायचे नसते, कारण तो बोलत नाही, आणि क्रम ठरलेला असतो. साठ वर्षे मी याच पद्धतीने सेवा करायला शिकलो. मग घरातले माणूस खाटेला खिळले, तेव्हा मी त्याचीही सेवा त्याच पद्धतीने केली. क्रमाने, निष्ठेने, एकही उपचार न गाळता, आणि न विचारता. ती मात्र बोलत होती. तिने एकदा तोंड उघडले होते आणि मी स्तोत्र मोडू नये म्हणून हात वर केला होता. कोणते स्तोत्र होते ते मला आठवेना.

तिसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी तिने पाणी मागितले. मागताना तिने भलताच शब्द उच्चारला, मग पुन्हा प्रयत्न केला आणि पुन्हा तोच शब्द आला. तिला ते कळले. तिने डोळे मिटून घेतले. मी तिच्या तोंडात चमच्याने पाणी घातले, कपाळाला हात लावला. अंग तापलेले होते. दवाखान्यात न्यावे, तर भर उन्हात रुग्णवाहिकेचा प्रवास आणि पुन्हा तीच छाती. न न्यावे, तर ही जीभ. मी मिस्त्रींना फोन लावला. वास्तविक त्यांना सांगून काय होणार होते, पण मला दुसरे कोणी सुचले नाही.

"उद्याच्या गाडीनं येऊन राह्यली मशीन," ते म्हणाले. "आज मी तरी कुठून आणू, गुरुजी?" मग ते थोडे थांबले. "आयका. कूलरचं पाणी काढून टाका. सुका पंखा चालू ठेवा नुसता. अन् ज्या भिंतीवर ऊन येते ना, पुढच्या खोलीची, तिच्यावर भायेरून पाणी मारा. भायेरून, आतून नाई. भिंत थंडी झाली की हवा आपोआप उतरते. ओलबी आत येत नाई. आम्ही दुकानात असंच करतो."

मी डोक्याला पंचा गुंडाळला आणि बादली घेऊन अंगणात उतरलो. पहिले पाणी भिंतीवर पडले तसे चर्रकन आवाज करून सुकून गेले. दुसरे, तिसरे. माझे वय शहात्तर आहे. टाकीपासून भिंतीपर्यंत अकरा पावले आहेत. किती खेपा झाल्या हे मला ठाऊक नाही. दर पाच-सहा खेपांनंतर आत जाऊन तिच्या कपाळाला हात लावायचा, चमच्याने पाणी द्यायचे आणि पुन्हा बाहेर यायचे, एवढेच आठवते. ओठांवर नाम नव्हते. काहीच नव्हते. उन्हे कलली तेव्हा भिंत ओली राहू लागली होती आणि तिचे कपाळ माझ्या तळव्यापेक्षा गार लागले.

"पाणी," ती म्हणाली. शब्द बरोबर होता.

मी पाणी दिले. तिने माझ्याकडे पाहिले. माझे धोतर गुडघ्यांपर्यंत चिखलाने भरले होते.

"धानाची रोवणी करून आले का जी कुठी?"

मी खाटेच्या कडेला बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्र आले. मिस्त्रींनी जुने यंत्र भिंतीवरून उतरवले, तेव्हा त्याच्या जागी पांढराशुभ्र चौकोन राहिला आणि त्याच्याभोवतीची भिंत व वरचे छत किती काळवंडले आहे, हे एकदम उघडे पडले. दोन वर्षे त्याच खोलीत बसून मी ते पाहिले नव्हते. नव्या खुंट्या ठोकून झाल्या, नळ्या जोडल्या, बाहेरचा सांगाडा बसला. गारवा सुटल्यावर आम्ही तिची खाट पुन्हा मागच्या खोलीत नेली. हत्यारे आवरता आवरता मिस्त्री म्हणाले,

"एक गोष्ट हाये, गुरुजी. वाईट वाटून घेऊ नका. या खोलीत धूप नाई. लोबान नाई, अगरबत्तीबी नाई. नाई तर दोन सालानं मी परत येईन अन् तुम्ही मले शिव्या द्याल."

"ते शिव्या नाई देत," खाटेवरून उत्तर आले. "संस्कृतात देतेत. आपल्याले समजत नाई."

मिस्त्री इतक्या दिवसांत प्रथमच मोकळेपणाने हसले. मी म्हणालो, "मी देव पुन्हा पुढच्या खोलीत नेतो."

"काऊन?" ती म्हणाली. "देवानं काय केलं? राहू द्या इथी. मले सोबत होते."

या वेळी मी हात वर केला नाही. तिचे बोलणे संपले आहे ना, याची खात्री होईपर्यंत मी थांबलो.

दिवेलागणीला मी ओसरीवर गोवरीचा निखारा केला, सालईचे दोन खडे टाकले, बाहेरूनच आत देवांच्या दिशेने धूप ओवाळला, आणि दार लावून घेऊन खोलीत आलो. चौरंगापुढे बसलो न बसलो तोच ती खोकली. मधल्या चार दिवसांच्या धुळीने तिची छाती हळवी झालेली होती. धूर बाहेर राहिला होता, पण माझ्या उपरण्यात तो आत आला होता.

मी उठलो. धूपपात्रातला निखारा अंगणात पाणी ओतून विझवला. अंग धुतले, दुसरे धोतर नेसलो आणि उघड्या अंगानेच आत आलो. मानसपूजेचा विधी मी अनेकांना शिकवला आहे. द्रव्य नसेल, तीर्थयात्रेत असाल, आजारी असाल, तर प्रत्येक उपचार मनात उभा करून देवाला अर्पण करावा, तो प्रत्यक्ष पूजेहून उणा नाही, असे मी मुलांना सांगत असे. स्वतः मात्र मी तो कधी केला नव्हता. द्रव्य माझ्याकडे नेहमीच होते.

"आज धूप मनातला घालणार आहे," मी म्हणालो.

"मनातल्या धुपानं खोकला तर येत नाई ना जी?"

"येणार नाही."

"मंग मोठ्यानं करा. मनातलं मले आयकू येत नाई."

हे शास्त्रात बसते की नाही, ते मला ठाऊक नाही. मी स्टूल तिच्या उशाशी ओढला आणि बोलू लागलो. आसन दिले, पाय धुतले. मन वारंवार भिंतीवरच्या त्या काळ्या डागाकडे जात होते आणि दंडांत कालच्या बादल्या दुखत होत्या. गंध उगाळले, फुले वाहिली. धुपापाशी आलो तेव्हा म्हणालो, की निखारा केला, आता सालईचा डिंक टाकतो.

"गोवरी फुकली नाई तुम्ही," ती डोळे मिटून म्हणाली.

"फुंकली."

"केव्हा? मले नाई दिसली."

मी पुन्हा मागे गेलो. गोवरी फुंकली, वरची राख झाडली, निखारा लाल झाला, आणि मग डिंकाचा एक खडा टाकला. धूर निघाला, असे म्हणालो. तो तिच्या माहेरच्या अंगणातून बांधावरून धानाच्या शेतांकडे गेला, असेही म्हणालो. हे कोणत्याही विधीत नाही. दिवा लावला. तोही मोठ्याने लावला. तोपर्यंत तिचे तोंड किंचित उघडे पडले होते आणि छाती संथ वरखाली होत होती. मी कान दिला. घरघर नव्हती.

नैवेद्य आणि आरती व्हायची राहिली होती. साठ वर्षांत पूजा मी मध्येच कधी सोडली नव्हती. नैवेद्याचे शब्द ओठांपर्यंत आले होते, ते तिथेच थांबवले, देवांना हात जोडले, आणि स्टुलावर तसाच बसून राहिलो. उठलो असतो तर स्टूल वाजला असता.